टीम हरतेय, पण दोष कुणाचा? बेसबॉलचे आकडे मालकाबद्दल आणि प्लेअर घडवण्याबद्दल काय सांगतात

पिट्सबर्ग पायरेट्स नावाची बेसबॉल टीम आहे. १९९३ ते २०१२, सलग वीस सीझन या टीमने जिंकल्या त्यापेक्षा जास्त मॅच हरल्या. अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या प्रोफेशनल खेळात असा रेकॉर्ड दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही. आपल्याकडच्या काहींना पायरेट्स हे नाव वेगळ्याच कारणाने आठवत असेल, उत्तर प्रदेशातली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही भालाफेक करणारी दोन पोरं टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडून २००८ मध्ये याच टीमने साइन केली होती. दोघंही वरच्या लेव्हलला पोचले नाहीत, रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. असो.

२००७ पासून बॉब नटिंग हे पायरेट्सचे मुख्य मालक आहेत आणि स्टेडियममध्ये लोक चक्क 'टीम विका' म्हणून ओरडतात. आता प्रश्न असा की लोकांचा राग बरोबर आहे हे सिद्ध कसं करायचं? हरणं तर कुणाचंही होऊ शकतं, नशीब वाईट असेल, शहर छोटं असेल, कोच बोगस असतील, प्लेअर दुखापतीत गेले असतील. यातलं मालकाच्या खात्यावर नक्की किती टाकायचं? बेसबॉलमध्ये आकडे इतके आहेत की हे बऱ्यापैकी वेगळं काढता येतं, फक्त पटकन दिसणारा आकडा उचलला की हमखास चूक होते.

आधी नशिबाचं बघू. एका सीझनला १६२ मॅच असतात. समजा तुमची टीम अगदी बरोब्बर मध्यम आहे, प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता निम्मी. तर ती ८१ जिंकेल का? दरवर्षी नाही. १६२ वेळा नाणं उडवलं तर छाप्यांचा आकडा साधारण सहा-साडेसहाने वरखाली होतो (१६२ चं वर्गमूळ काढा, पावणेतेराच्या आसपास येतं, त्याच्या निम्मं). म्हणजे टीममध्ये काडीचाही फरक न पडता ती एका वर्षी ८७ जिंकेल, पुढच्या वर्षी ७५. एवढ्यावर पेपरवाले एकदा 'नवं पर्व' लिहितात आणि एकदा 'कोचला हाकला'. पण दहा वर्षांची सरासरी घेतली की हेच नशीब वर्षाला दोन मॅचवर येतं. म्हणून मालकाला एका सीझनवर मोजण्यात अर्थ नसतो, दहा वर्षांवर मात्र असतो.

आता हेच गणित पायरेट्सला लावा. मध्यम टीम सलग वीस वर्षं फक्त नशिबाने तोट्यात राहण्याची (म्हणजे विजयांपेक्षा पराभव जास्त असण्याची) शक्यता दहा लाखात एकापेक्षाही कमी. बरं, मध्यम नको, खरी कुवत ७५ विजयांची धरू. अशा टीमचा एखादा सीझन तोट्यात जायची शक्यता ऐंशी टक्क्यांच्या आसपास, पण सलग वीस? दीड टक्क्याच्याही आत. कुवत ७० विजयांची धरली तरच तो आकडा तीस-पस्तीस टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे वीस वर्षं या टीमची लायकीच सत्तरच्या आसपास होती, दैवाला बोल लावायला फारशी जागा नाही. एवढं निव्वळ विजयांच्या यादीवरून कळतं, एकही मॅच न बघता.

विजयांच्याही आत शिरायची एक जुनी युक्ती आहे. बिल जेम्स नावाचा कॅन्ससमधला माणूस, बीन्सच्या फॅक्टरीत रात्रपाळीचा वॉचमन होता आणि ड्युटीवर बसून बेसबॉलचे आकडे खरडायचा. त्याने सांगितलं की विजय सोडा, रन बघा. केलेल्या रनचा वर्ग घ्या, दिलेल्या रनचा वर्ग घ्या, पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा, साधारण जिंकण्याचं प्रमाण मिळतं. ७०० रन केले आणि ६५० दिले तर उत्तर येतं ०.५३७, म्हणजे १६२ पैकी ८७ विजय. खरे विजय यापेक्षा बरेच जास्त असतील तर त्यातला मोठा भाग नशिबाचा असतो आणि पुढच्या वर्षी तो बहुतेक वेळा परत द्यावा लागतो.

याचं सगळ्यात झकास उदाहरण २०१२ ची बॉल्टिमोर ओरिओल्स. रन केले ७१२, दिले ७०५. फॉर्म्युला म्हणतो ८२ विजय. प्रत्यक्षात ९३! कसं काय? एका रनने सुटलेल्या मॅचमध्ये त्यांचा रेकॉर्ड २९ विजय आणि ९ पराभव असा होता आणि बरोबरी झाल्यामुळे जादा इनिंगमध्ये गेलेल्या अठरापैकी सोळा मॅच त्यांनी मारल्या. तेव्हा टीमच्या जिगरीबद्दल, मॅनेजरच्या (म्हणजे मुख्य कोचच्या) डोक्याबद्दल भरपूर लिहून आलं. पुढच्या वर्षी जवळपास तीच टीम, विजय ८५. जिगर कुठे गेली म्हणायची मग? ती टीम वाईट नव्हती, उलट २०१३ मध्ये रनच्या हिशोबाने किंचित सुधारलीच होती, पण विजयांचा तक्ता मात्र घसरण दाखवत होता.

हे झालं टीमचं. एकेका प्लेअरसाठी जो आकडा सगळीकडे दिसतो तो म्हणजे वॉर. यातली कल्पना सोपी आहे: हा माणूस उद्या जखमी झाला आणि त्याच्या जागी खालच्या लीगमधून किमान पगारावर कुणीही उचलून आणला, तर टीमचे किती विजय कमी होतील? सगळी टीमच अशा भरती केलेल्या लोकांची असेल तर ती अठ्ठेचाळीसच्या आसपास जिंकेल असं धरतात, शून्य नाही. आणि साधारण दहा रन म्हणजे एक विजय. बॅटिंग, पळणं, फील्डिंग, पिचिंग सगळं रनमध्ये बदलायचं, दहाने भागायचं, झालं. दोन वॉर म्हणजे रोजचा खेळाडू, पाच म्हणजे स्टार, आठच्या पुढे गेला की त्या वर्षीचा सगळ्यात भारी कोण या चर्चेत तो असतो.

पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, नावापुढे विजय-पराभव लिहायची जुनी पद्धत आहे, ती का टाकून द्यावी हे पायरेट्सच्याच पॉल स्कीन्सने दाखवलं. २०२५ मध्ये तो दर नऊ इनिंगला, म्हणजे एका पूर्ण मॅचला, सरासरी १.९७ रन देत होता, म्हणजे अतिशय कमी, नॅशनल लीगमधला (वरच्या दोन लीगपैकी एक) सर्वोत्तम पिचर म्हणून साय यंग अवॉर्ड मिळाला, आणि त्याचा विजय-पराभवाचा रेकॉर्ड? १०-१०. कारण तो पिचिंग करत असताना टीमचे बॅटर रनच करत नव्हते. त्या वर्षी टीमचे विजय ७१.

इथून प्लेअर घडवण्याच्या मुद्द्यावर येऊ, कारण छोट्या शहरातल्या टीमचा सगळा संसार त्यावर चालतो.

आयपीएलमध्ये लिलावाला सगळ्यांकडे सारखीच पर्स असते, २०२५ ला प्रत्येकी १२० कोटी. बेसबॉलमध्ये अशी मर्यादा नाही. ठराविक रकमेच्या वर गेलात तर टॅक्स भरा, २०२५ मध्ये ती रेषा २४१ मिलियन डॉलरवर होती, पण खर्च करायला बंदी नाही. त्यामुळे डॉजर्स आणि मेट्स ३०० मिलियनच्या वर पगार वाटतात आणि काही टीम १०० च्याही आत असतात. मग गरीब टीमने जिंकायचं कसं? तर ड्राफ्टमधून (दरवर्षी टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात, हरणाऱ्यांचा नंबर साधारण आधी) पोरं घ्यायची, खालच्या लीगमध्ये तयार करायची, आणि वर आली की सहा वर्षं स्वस्तात वापरायची, कारण सहा वर्षांची सर्व्हिस होईपर्यंत प्लेअर दुसरीकडे जाऊ शकत नाही. पहिली तीनेक वर्षं तर किमान पगाराच्या आसपासच, २०२५ मध्ये हा किमान पगार होता ७,६०,००० डॉलर. स्कीन्ससारखा माणूस जवळपास त्याच पैशात राबतो! तसलाच पिचर बाजारातून घ्यायचा तर वर्षाला तीस-चाळीस मिलियन मोजावे लागतात. या मधल्या फरकावर छोट्या टीम जगतात.

एवढा फरक असला की लबाडी आलीच. एक वर्षाची सर्व्हिस म्हणजे १७२ दिवस. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला सुरुवातीचे काही दिवस मुद्दाम खालच्या लीगमध्ये ठेवलं, सीझनअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! त्यामुळे कब्जना तो सातव्या वर्षापर्यंत मिळाला. कारण काय दिलं तर म्हणे फील्डिंग सुधारायची होती. ब्रायंटने तक्रार केली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली. आता नवोदित पुरस्कारात पहिल्या दोनात आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं असा नियम झालाय, आणि स्कीन्सला २०२४ मध्ये त्याचाच फायदा झाला, तो मे महिन्यात वर आला होता तरी.

मग एखादी टीम पोरं चांगली घडवते की नाही हे मोजायचं कसं? बरेच जण सरळ मोजतात की त्यांच्या फार्ममधून, म्हणजे खालच्या लीगमधल्या टीममधून, किती स्टार निघाले. हे चुकीचं आहे, कारण स्कीन्स २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिलाच निवडला गेलेला पोरगा होता, त्याला टीमने ९.२ मिलियन डॉलर साइनिंग बोनस दिला, तो बऱ्यापैकी तयारच आला होता. त्याचं श्रेय घडवणाऱ्याला किती द्यायचं? म्हणून आधी अपेक्षा ठरवायची. ड्राफ्टमधल्या प्रत्येक नंबरवर गेल्या तीस-चाळीस वर्षांत निवडलेल्या पोरांनी सरासरी किती वॉर दिला ते काढायचं. हा आलेख पहिल्या काही नंबरांत उंच असतो आणि मग धाडकन खाली येतो, तळाला बहुतेकांचं शून्यच. मग आपल्या टीमच्या प्रत्येक पोराच्या आकड्यातून ती अपेक्षा वजा करायची आणि बेरीज करायची. सगळ्यांची हं, जे कधीच वर आले नाहीत त्यांचीही. नाहीतर प्रत्येक टीम एखादा आल्बर्ट पुहोल्स दाखवेल, १९९९ ला तेराव्या राउंडमध्ये निवडलेला, आणि म्हणेल बघा आमची नजर. अहो, नजर एवढी होती तर बारा राउंड का थांबलात?

पोरं खालीच असताना काय बघायचं, तर वय आणि लेव्हल. एकोणीस वर्षांच्या पोराचा डबल-ए (वरून तिसरी लेव्हल) मधला खेळ आणि पंचविशीतल्या माणसाचा तिथलाच खेळ, आकडा तोच असला तरी किंमत वेगळी. पायरेट्सचा कॉनर ग्रिफिन, २०२४ च्या ड्राफ्टमध्ये नववा, शाळेतून थेट आलेला, २०२५ मध्ये तीन लेव्हल चढून एकोणिसाव्या वर्षी डबल-ए ला पोचला, .३३३ ची सरासरी, २१ होमरन, ६५ बेसच्या चोऱ्या (पिचर बॉल टाकताना पळून पुढचा बेस गाठणं). लोक वेडे झाले ते नुसत्या .३३३ साठी नाही, आजूबाजूचे त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे होते म्हणून. सरासरीवर तर फार विश्वास ठेवूच नका, ती स्थिरावायला दीडेक सीझन लागतो. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) किती होतो, वॉक (चार वाईट बॉलवर फुकटचा पहिला बेस) किती घेतो, हे आकडे त्यामानाने फार लवकर खरं बोलतात, काहीशे वेळा बॅटिंगला आला की अंदाज येतो.

दुसरी पद्धत जास्त मजेशीर आहे: आपल्याकडून गेलेला प्लेअर दुसरीकडे जाऊन काय करतो? इथे पायरेट्सची पार अब्रू गेली. पिचर गेरिट कोल, २०११ च्या ड्राफ्टमध्ये पहिला. २०१७ मध्ये पायरेट्ससाठी दर नऊ इनिंगला ४.२६ रनची सरासरी. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ह्यूस्टनला ट्रेड केलं. तिथे २०१८ ला २.८८, २०१९ ला २.५० आणि ३२६ स्ट्राइकआउट. समोर आलेल्या बॅटरपैकी २०१७ मध्ये तो साधारण २३ टक्क्यांना स्ट्राइकआउट करायचा, २०१९ मध्ये ४० टक्के! त्यानंतर यांकीजनी त्याला नऊ वर्षांचे ३२४ मिलियन दिले. माणूस तोच, हात तोच, मग झालं काय? पिट्सबर्गला शिकवण होती सिंकर (शेवटी खाली बुडणारा वेगवान बॉल) टाका, बॉल खाली ठेवा, बॅटर जमिनीवरून मारेल आणि आपले फील्डर योग्य जागी उभे असतील. ह्यूस्टनने सांगितलं सिंकर कमी कर, तुझा सरळ वेगवान बॉल वरच्या बाजूला टाक, आणि ब्रेकिंग बॉल (हळू, वळणारा) वाढव. एवढंच. २०१८ च्याच उन्हाळ्यात पिचर टायलर ग्लासनाऊला पायरेट्सनी टँपा बे रेजला देऊन टाकलं, सोबत ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ, बदल्यात क्रिस आर्चर. ग्लासनाऊही तिकडे जाऊन फुलला. पायरेट्सच्या फॅनसमोर आर्चरचं नाव काढू नये.

पण थांबा, इथेच आकड्यांना दोन-तीन उलटे प्रश्न विचारायला हवेत. एक, कोलचं २०१७ हे वाईट वर्ष होतं, २०१५ मध्ये पायरेट्ससाठीच त्याची सरासरी २.६० होती. म्हणजे तळाच्या वर्षाशी तुलना केली की सुधारणा फुगून दिसते, थोडं वर तर तो आपोआपही आला असता. दोन, त्या काळात लीगभर पिचर बॉलला चिकट पदार्थ लावायचे, जून २०२१ मध्ये तपासणी कडक झाल्यावर सगळ्या लीगचा स्पिन खाली आला, त्यामुळे त्या वर्षांतली कुणाचीही 'जादू' थोडी जपूनच मोजावी. तीन, आणि हे लोक विसरतात, सिंकरची ती शिकवण मुळात मूर्खपणाची नव्हती. त्याच पद्धतीवर पायरेट्स २०१३ ला ९४, २०१४ ला ८८ आणि २०१५ ला ९८ मॅच जिंकले. मग बॅटरनीच खालचा बॉल वर उचलून मारायला शिकून घेतलं, बाकीच्या टीम बदलल्या आणि हे मात्र जुनंच धरून बसले.

म्हणून दोन-तीन गाजलेल्या नावांवर निकाल द्यायचा नाही. गेलेले सगळे आणि आलेले सगळे घ्यायचे, प्रत्येकाचा तटस्थ अंदाज काढायचा आणि प्रत्यक्षातून वजा करायचा. तो अंदाज काढायची आकडेतज्ज्ञ टॉम टँगोची एक पद्धत मुद्दाम माकडालाही जमेल इतकी साधी ठेवलीय: गेली तीन वर्षं घ्या, बॅटर असेल तर ताज्याला वजन पाच, आधीच्याला चार, त्याआधीच्याला तीन, मग सगळं थोडं लीगच्या सरासरीकडे ओढा, वयाप्रमाणे थोडं वरखाली करा. बस. एखाद्या टीमचे प्लेअर पाच-सहा वर्षं सातत्याने या माकडापेक्षा चांगलं करत असतील तर तिथल्या कोचना काहीतरी येतं असं म्हणायला हरकत नाही. दुखापतीही त्याच हिशोबात धराव्यात, पोरांचा स्पीड वाढवून दाखवायचा आणि दोन वर्षांनी कोपराचं ऑपरेशन, याला घडवणं म्हणत नाहीत.

आता मालक. डग पॅपस नावाच्या अभ्यासकाने एक सुटसुटीत माप काढलं होतं. किमान पगाराच्या टीमला काय खर्च येईल ते काढा, २०२५ च्या दराने २६ जणांचे साधारण २० मिलियन. त्यावर तुम्ही जास्त किती खर्च केला आणि अठ्ठेचाळीसच्या वर किती विजय मिळवले? भागाकार करा, एका जादा विजयाची किंमत कळते. दिसायला फारच गोड. पण हे २००६ च्या फ्लोरिडा मार्लिन्सला लावून बघा. पगार जेमतेम १५ मिलियन, विजय ७८. या मापाने मालक जेफ्री लोरिया साक्षात कुबेराचा मुनीम ठरतो! प्रत्यक्षात काय, तर खर्च कापायला बरेचसे चांगले प्लेअर त्याने आदल्या हिवाळ्यात विकून टाकले होते, आणि त्या पोरांना ७८ पर्यंत नेणाऱ्या मॅनेजरला, ज्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम मॅनेजर निवडलं गेलं, त्यालाही काढून टाकलं. २०१२ मध्ये बहुतांशी लोकांच्या करातून नवं स्टेडियम उभं राहिलं, त्याच हिवाळ्यात परत चांगले प्लेअर विकायला काढले आणि २०१३ ला १०० पराभव. २००२ मध्ये साधारण १५८ मिलियनला घेतलेली टीम २०१७ मध्ये १.२ बिलियनला गेली. म्हणजे हे माप मॅनेजमेंटची हुशारी मोजतं, मालकाची दानत नाही. कंजूस माणूस त्यात कायम हुशारच दिसणार.

उलट बाजूला मेट्सचे स्टीव्ह कोहेन. २०२३ मध्ये पगार ३३० मिलियनच्या वर, वर टॅक्सच साधारण १०० मिलियन, आणि विजय ७५. या मापाने महामूर्ख. पण फॅन म्हणून मला विचाराल तर मी कोहेन घेईन, पैसा त्याचा जातोय, माझा नाही.

त्यामुळे मालकासाठी प्रश्न वेगळा विचारावा लागतो: टीममधून येणाऱ्या पैशातला किती हिस्सा परत टीममध्ये जातो? अडचण अशी की बहुतेक टीमचे हिशोब खाजगी असतात. अटलांटा ब्रेव्हज शेअर बाजारात असल्यामुळे त्यांचे आकडे उघडे असतात, बाकीच्यांचे अंदाजच. एकदा २०१० मध्ये काही टीमची कागदपत्रं फुटली, त्यात दिसलं की २००७ आणि २००८ या दोन हरणाऱ्या वर्षांत मिळून पायरेट्सना २९ मिलियनच्या आसपास नफा झाला होता. श्रीमंत टीमकडून गरीब टीमना जे पैसे वाटले जातात ते नीट वापरले नाहीत म्हणून २०१८ मध्ये प्लेअरच्या युनियनने चार टीमविरुद्ध तक्रार केली, मार्लिन्स, ओकलंड, पायरेट्स आणि रेज.

आणि बघा, यात रेजचं नाव आहे. टँपा बे रेजसुद्धा कंजूस, स्टेडियम रिकामं, पगार तळाला. २००८ ते २०२५ या अठरा सीझनपैकी बारा त्यांनी फायद्यात (विजय जास्त, पराभव कमी) काढले, २००८ आणि २०२० ला वर्ल्ड सीरिजपर्यंत (फायनलपर्यंत) गेले, २०२१ ला १०० विजय. पायरेट्सनी त्याच काळात चार. गरिबीचं कारण दोघांना सारखंच, म्हणजे या तुलनेत पैसा हा मुद्दा जवळपास बाद होतो आणि उरतं ते माणसं निवडणं, त्यांना टिकू देणं, कोचिंगवर खर्च करणं. हे मालकाचंच काम, कारण जनरल मॅनेजर तोच नेमतो. तरी इथेही थोडं वजा करा, रेजच्या उदयातला डेव्हिड प्राइस हा २००७ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर होता आणि तो नंबर आधीच्या भयानक हरण्यामुळेच मिळाला होता. पायरेट्सना असे वरचे नंबर वीस वर्षं मिळाले की!

माझ्यापुरतं मत असं की नटिंग यांच्यावरचा आरोप कंजुषीपेक्षा याच तुलनेवर जास्त भक्कम उभा राहतो. आता पुढचा हिशोब समोरच आहे. स्कीन्सची तीन वर्षं २०२६ च्या शेवटी भरतात, तिथून त्याचा पगार लवादाकडे जाऊन झपाट्याने वाढू लागेल, आणि २०२९ नंतर तो मोकळा होईल. ग्रिफिन त्याच्या मागून येतोय. हे दोघं एकाच वेळी वरच्या टीममध्ये आणि दोघंही स्वस्त, असे सीझन फार तर दोन-तीन मिळतील, त्या वर्षांत टीमचा एकूण पगार कुठे जातो तेवढं बघत राहा.